सस्पेन्शन लिफ्ट (पिकअप वाहने)

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे मोटारवाहनाच्या स्प्रिंगा, पाटे अथवा त्यांच्या बैठकी यांत बदल करून वाहनाचा सांगाडा (चासी) चाकांच्या धुऱ्यांपासून मूळ उंचीपेक्षा अधिक वर नेण्याची योजना होय. या लेखात तिला ‘उंचवाढ’ असे म्हटले आहे. खडबडीत रस्त्यावर वाहनाचे पोट घासू नये, मोठ्या व्यासाचे टायर बसावेत, किंवा ओझ्याने बसलेली वाहनाची पाठ पुन्हा वर यावी, अशा हेतूंनी ती केली जाते. सर्वसाधारणपणे २५ ते ५० मिलिमीटरपर्यंतच्या वाढीस सौम्य उंचवाढ समजतात. त्यापलीकडच्या वाढीसाठी नियंत्रक दांड्या, ब्रेकच्या नळ्या, प्रोपेलर शाफ्ट इत्यादी अनेक भाग बदलावे लागतात.

पिकअप वाहन मालवाहू असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा विषय प्रवासी मोटारीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा ठरतो. रिकामे असताना आणि भरलेले असताना अशा वाहनाचे वजन, गुरुत्वमध्य आणि उंची यांत मोठा फरक पडतो. रिकाम्या वाहनावर योग्य वाटणारी उंचवाढ भरलेल्या वाहनावर धोकादायक ठरू शकते. ब्रेक, दिवे आणि वळणावरील स्थैर्य या तिन्ही गोष्टींचा तिच्याशी थेट संबंध आहे.

पार्श्वभूमी

पुणे परिसराचा पिकअप वाहनांशी जुना संबंध आहे. टाटा समूहाच्या पुणे येथील कारखान्यातून १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल २०६’ हे हलके पिकअप वाहन बाजारात आले. त्याच परंपरेतील ‘टाटा २०७’ आणि पुढे ‘झेनॉन’ ही वाहने ओळखीची झाली. महिंद्र कंपनीचे ‘बोलेरो पिकअप’ हे वाहन महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी मालवाहतुकीत सर्वत्र दिसते. दोन दारांऐवजी चार दारांची केबिन असलेली, हौसेने व प्रवासासाठी घेतली जाणारी पिकअप वाहने भारतात त्यामानाने उशिरा रुळली. ‘इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस’ २०१६ मध्ये आणि ‘टोयोटा हायलक्स’ २०२२ मध्ये भारतीय बाजारात आले. उंचवाढीची हौस मुख्यतः या दुसऱ्या गटातील मालकांत आढळते. पहिल्या गटात मात्र जादा ओझे पेलण्यासाठी मागील पाटे वाढवून घेण्याची प्रथा फार जुनी आहे. यांत्रिकदृष्ट्या दोन्ही प्रकार उंचवाढीचेच होत.

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील खराडी हा भाग या दोन्ही गटांच्या भेटीचे ठिकाण म्हणता येईल. एकीकडे माहिती तंत्रज्ञान संकुले आणि मोठ्या गृहनिर्माण संस्था, तर दुसरीकडे वाघोलीच्या दगडखाणींकडून येणारा बांधकामाचा माल आणि शिरूर तालुक्यातून शहराकडे येणारा भाजीपाला, असे तेथील वाहतुकीचे स्वरूप आहे. गृहसंस्थेच्या तळघरातील उतार, गल्लीतील गतिरोधक, पावसाळ्यातील खड्डे आणि खाणीकडे जाणारा कच्चा रस्ता या चारही गोष्टी काही किलोमीटरांच्या आत भेटतात. यांपैकी कोणत्या अडचणीला उंचवाढ हे उत्तर आहे आणि कोणत्या अडचणीला नाही, हे पाहणे निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

सस्पेन्शनची मूळ रचना

बहुतेक पिकअप वाहनांत शिडीसारख्या पोलादी चासीवर केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले असतात. मागील बाजूस दोन्ही चाकांना जोडणारा अखंड धुरा (ॲक्सल) असतो आणि तो कमानदार पाट्यांच्या संचावर यू-बोल्टने आवळलेला असतो. पाट्यांचे एक टोक चासीला पक्के जोडलेले असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीला जोडतात, कारण ओझ्याखाली कमान सपाट होताना पाट्याची लांबी वाढते व त्या टोकाला सरकण्यास वाव लागतो.

पुढील बाजूस तीन प्रकारच्या रचना आढळतात. व्ही-क्रॉस व हायलक्स यांसारख्या वाहनांत प्रत्येक चाकाला वरखाली दोन आडवे हात (विशबोन) आणि त्यांच्यामध्ये शॉकॲब्सॉर्बरभोवती बसवलेली कॉइल स्प्रिंग असते. झेनॉनसारख्या वाहनात कॉइलऐवजी पीळ घेणारी लांब पोलादी सळई, म्हणजे टॉर्शन बार, वापरली जाते. निव्वळ मालवाहू वाहनांपैकी काहींत पुढेही अखंड धुरा आणि पाटेच असतात. उंचवाढीची पद्धत या रचनेनुसार बदलते, म्हणून एका वाहनाचे साहित्य दुसऱ्या वाहनावर चालत नाही.

स्प्रिंग वजन पेलते. शॉकॲब्सॉर्बर वजन पेलत नाही, तर स्प्रिंगचे हेलकावे शमवतो. ही दोन कामे वेगळी आहेत हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ चुकीच्या दुरुस्त्या होतात. वाहनाची पाठ बसली असेल तर नवा शॉकॲब्सॉर्बर ती सहसा वर आणणार नाही. वाहन गचके खात डुलत असेल तर जादा पाटा तो डोल थांबवणार नाही.

वाढणारी उंची आणि न वाढणारी उंची

उंचवाढीनंतर चासी, केबिन आणि हौदा वर जातात. धुरा मात्र होता तेथेच राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. अखंड धुरा असलेल्या वाहनात सर्वांत खालचा भाग म्हणजे धुऱ्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा फुगीर गोळा. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी या गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. रस्त्याच्या मध्यावर उभा असलेला दगड त्याला पूर्वी लागत असेल, तर पुढेही लागेल.

हा गोळा वर नेण्याचा मार्ग म्हणजे मोठा टायर. २६५/६५ आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी असतो, तर २६५/७० आर १७ या टायरचा सुमारे ८०३ मिमी. व्यासातील फरक २७ मिमी असला तरी धुरा त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे १३ ते १४ मिमीने, वर जातो. शिवाय वेगमापक कमी वेग दाखवू लागतो: पूर्वी तो अचूक असेल, तर काटा ८० किमीवर असताना प्रत्यक्ष वेग जवळजवळ ८३ किमी असतो. गिअरचा परिणामी भारही वाढतो आणि चढावर इंजिनाची ओढ कमी जाणवते.

उंचवाढीचा खरा लाभ वाहनाच्या पोटाखाली आणि पुढील-मागील टोकांना मिळतो. उंचवट्यावरून जाताना पोट टेकू न देणारा कोन चासीखालची उंची आणि दोन धुऱ्यांमधील अंतर यांवर ठरतो. हायलक्सच्या धुऱ्यांमधील अंतर ३,०८५ मिमी आहे. पोटाखालची उंची २२० मिमी मानून व टायरची त्रिज्या हिशेबात न धरता हा कोन सुमारे १६ अंश येतो; ४० मिमी उंचवाढीनंतर तो सुमारे १९ अंश होतो. तीन अंशांची ही वाढ दगडखाणीच्या वाटेवर किंवा शेतातील बांधावर उपयोगी पडते.

शहरी रस्त्यावर मात्र तिची गरज क्वचितच असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. एवढ्या गोलाईवर वरील वाहन उभे राहिले, तर धुऱ्यांच्या मधोमध उंचवटा सुमारे ७० मिमीच वर येतो. मूळ उंची त्याच्या तिपटीहून अधिक आहे. तळघराचा १ः८ चढ म्हणजे सुमारे ७ अंशांचा कोन होतो, तोही १६ अंशांच्या बराच आत आहे. गतिरोधक मानकाप्रमाणे बांधलेले नसतात ही वस्तुस्थिती धरली, तरी रिकामे पिकअप वाहन गल्लीतील गतिरोधकावर घासत असेल तर बहुधा पाटे बसलेले असतात किंवा काही भाग लोंबकळत असतो. तेथे उपाय दुरुस्तीचा आहे, उंचवाढीचा नव्हे.

उंचवाढीच्या पद्धती

पुढील बाजू

कॉइल स्प्रिंग असलेल्या वाहनात सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे स्प्रिंग-शॉकच्या जोडीवर धातूची किंवा कडक प्लास्टिकची चकती (स्पेसर) बसवणे. येथे एक हिशेब सहसा चुकतो. स्प्रिंगचा खालचा बूड आडव्या हाताच्या टोकाला नसून मध्ये कोठेतरी असतो, त्यामुळे चकतीच्या जाडीपेक्षा चाकापाशी अधिक उंची मिळते. स्प्रिंगचा बूड हाताच्या लांबीच्या ६० टक्के अंतरावर असेल तर २० मिमीची चकती चाकापाशी सुमारे ३३ मिमी वाढ देते. ‘४० मिमी हवी म्हणून ४० मिमीची चकती’ बसवली, तर वाढ सौम्य राहत नाही.

चकतीमुळे स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, पण चाक खाली लोंबण्यास उरलेली जागा कमी होते. खड्ड्यात चाक सुटताच शॉक पूर्ण ताणला जाऊन खाडकन आवाज येतो आणि वरचा हात स्प्रिंगला टेकण्याचा संभव असतो. अधिक चांगली पद्धत म्हणजे योग्य लांबीची नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकॲब्सॉर्बर एकत्र बसवणे.

टॉर्शन बारच्या वाहनात समायोजन बोल्ट फिरवून काही भागही विकत न घेता पुढील बाजू उचलता येते. म्हणूनच तिचा गैरवापर अधिक होतो. सळईचा पीळ जेथून सुरू होतो ती जागा बदलते, सळई अधिक सशक्त होत नाही. जास्त आवळल्यास चाकाची खाली जाण्याची जागा संपते आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात.

पुढील बाजूस कोणतीही पद्धत वापरली तरी चाकांचे कोन बदलतात. चाक उभ्या रेषेपासून झुकते, स्टिअरिंग सोडल्यावर सरळ होण्याची त्याची प्रवृत्ती कमी होते आणि टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून अलाइनमेंट करणे हा कामाचाच भाग आहे. कोन उत्पादकाच्या मर्यादेत आणता येत नसतील तर उंची जास्त झाली असा त्याचा अर्थ होतो.

मागील बाजू

मागील पाट्यांच्या बाबतीत चार पद्धती प्रचलित आहेत.

पहिली, धुरा आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळणे. पाट्यांचा मऊपणा तसाच राहतो, मात्र जोराने वेग घेताना व ब्रेक लावताना धुरा पाट्यांना अधिक पीळ देतो. ठोकळा एकसंध धातूचा असावा. एकावर एक दोन ठोकळे रचणे, लाकडी ठोकळा वापरणे किंवा जुने यू-बोल्ट पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. पुढील धुऱ्यावर ठोकळा बसवणे सर्वथा टाळावे, कारण तेथे तो निसटल्यास स्टिअरिंगच हातचे जाते.

दुसरी, लांब शॅकल बसवणे. शॅकल जितका लांब केला त्याच्या सुमारे निम्मीच वाढ धुऱ्यापाशी मिळते. धुऱ्याचा कोन किंचित फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टमध्ये कंप जाणवू शकतो. लांब शॅकलमुळे पाट्यांची आडवी हालचालही वाढते.

तिसरी, संचात जादा पाटा घालणे. समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर कडकपणा ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याने वाढतो. नेहमी भरलेल्या वाहनाला हे मानवते, पण रिकामे वाहन उसळते व ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना मागील चाकांची पकड सुटते. जादा पाटा घातल्याने वाहनाची नोंदणीकृत भारक्षमता मुळीच वाढत नाही. चासी, धुरा, बेअरिंग, टायर व ब्रेक तेच असतात.

चौथी, जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणे. महामार्गालगतच्या पाट्यांच्या कारागिरांकडे हे काम होते. पाट्याचे पोलाद ठरावीक तापमानास तापवून, झटपट थंड करून आणि पुन्हा मंद आचेवर ठेवून लवचीक केलेले असते. भट्टीत अंदाजाने तापवून ठोकल्यास हा संस्कार नष्ट होतो. पाटा एक तर लवकर बसतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून फार झिजलेले पाटे बदलणे हेच श्रेयस्कर होय.

बॉडी लिफ्ट

चासी तशीच ठेवून केबिन व हौदा तेवढे ठोकळ्यांवर उचलणे यास बॉडी लिफ्ट म्हणतात. तिने पोटाखालची जागा वाढत नाही, केवळ मोठ्या टायरसाठी मडगार्डखाली जागा होते. ती सस्पेन्शन लिफ्ट नव्हे.

ओझे, ब्रेक आणि दिवे

पिकअप वाहन कारखान्यातून निघताना मागील बाजू पुढीलपेक्षा मुद्दाम उंच ठेवलेली असते. माल भरल्यावर मागील बाजू दबून वाहन समतल व्हावे, हा त्यामागचा हेतू. हा उतार दिसायला खटकतो म्हणून फक्त पुढील बाजू उचलून वाहन समतल करण्याची प्रथा आहे. अशा वाहनात माल भरला की शेपूट खाली आणि नाक वर, अशी स्थिती होते.

तिचा पहिला परिणाम समोरून येणाऱ्यावर होतो. हेडलाइटचा खालचा झोत सर्वसाधारणपणे दर १० मीटरला सुमारे १० सेंमी खाली उतरेल असा लावलेला असतो. ३,०८५ मिमी अंतराच्या वाहनाचे पुढील टोक ४० मिमीने उचलले आणि मागील बाजू तशीच ठेवली, तर झोत दर १० मीटरला सुमारे १३ सेंमीने वर फिरतो. म्हणजे मुळात खाली जाणारा झोत आता जमिनीला समांतर किंवा किंचित वर जातो आणि दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत पडतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर रात्री यातून प्राणघातक अपघात होऊ शकतो. उंचवाढ झाल्यावर दिव्यांचा झोत पुन्हा लावून घेणे, आणि तोही वाहन नेहमीइतके भरलेले असताना तपासणे, हे अनिवार्य समजावे.

दुसरा परिणाम ब्रेकवर होतो. अनेक मालवाहू पिकअप वाहनांत चासी आणि मागील धुरा यांच्यामध्ये दांडीने जोडलेला भारसंवेदी व्हॉल्व्ह असतो. चासी धुऱ्याजवळ आली म्हणजे माल भरलेला आहे असे समजून तो मागील ब्रेकना अधिक दाब देतो. चासी दूर गेली म्हणजे वाहन रिकामे आहे असे समजून दाब कमी करतो. मागील बाजू ठोकळ्याने किंवा शॅकलने उचलली आणि व्हॉल्व्हची दांडी तशीच ठेवली, तर भरलेले वाहनही त्याला रिकामे भासते. मागील ब्रेक पुरेसे लागत नाहीत आणि थांबण्याचे अंतर वाढते. चालकाला सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटाच्या उतारावर जाणवते. या व्हॉल्व्हचे समायोजन उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील मापानेच करावे लागते.

यांशिवाय ब्रेकच्या लवचीक नळ्या, एबीएसच्या तारा आणि हातब्रेकची केबल यांची लांबी तपासावी लागते. चाक पूर्ण खाली लोंबवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून यांपैकी काहीही ताणले जात नाही, याची खात्री करणे आवश्यक असते.

वळणावरील स्थैर्य

वाहन उलटण्याची प्रवृत्ती ढोबळमानाने दोन चाकांमधील रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. रुंदीला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागल्यास स्थैर्यांक मिळतो. तो जितका लहान तितके वाहन उलटण्यास सोपे. उदाहरणादाखल चाकांमधील रुंदी १,५४० मिमी आणि गुरुत्वमध्य ४० मिमीने वर जातो असे मानले, तर पुढीलप्रमाणे आकडे येतात.

रिकामे वाहन, गुरुत्वमध्य ७०० मिमी: स्थैर्यांक १.१०
तेच वाहन उंचवाढीनंतर, ७४० मिमी: स्थैर्यांक १.०४
उंच रचलेला माल, गुरुत्वमध्य ९०० मिमी: स्थैर्यांक ०.८६
तोच माल उंचवाढीनंतर, ९४० मिमी: स्थैर्यांक ०.८२

यावरून दोन गोष्टी दिसतात. सौम्य उंचवाढीने होणारी घट पाच टक्क्यांच्या आसपास आहे. सावध चालकाला ती पेलता येते. परंतु मालाच्या रचनेमुळे झालेली घट त्याहून कितीतरी मोठी असून उंचवाढ तिच्यात भर घालते. कोबीची पोती केबिनच्या वर रचलेल्या वाहनाला उंचवाढ म्हणजे आधीच कमी असलेल्या शिलकीतून आणखी खर्च. प्रत्यक्षात स्प्रिंगा वळणावर झुकतात, त्यामुळे वाहन या हिशेबाच्या आधीच उलटू शकते. माळशेज किंवा ताम्हिणीसारख्या घाटातून भरलेले वाहन नेणाऱ्याने हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. इंधनबदलासारखे काही अपवाद कायद्यात दिलेले आहेत. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून बाजारात साहित्य विकत मिळते एवढ्यावरून ते बसवणे कायदेशीर ठरत नाही. उत्पादकाने त्या वाहनासाठी स्वतः मान्य केलेले भाग वापरणे हा सुरक्षित मार्ग होय. अन्य कोणताही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून (खराडीसाठी पुणे, एमएच-१२) लेखी उत्तर घेणे आणि विमा कंपनीस लेखी कळवणे इष्ट ठरते. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो. मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनास ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्राची तपासणी असते, त्या वेळीही असा बदल आक्षेपार्ह ठरू शकतो.

जादा पाट्यांच्या भरवशावर जादा माल भरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १९४ मध्ये त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

वाहनांच्या प्रतिरूपांची चाचणी घेणाऱ्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये नमूद आहेत, त्यांपैकी तीन या परिसरातच आहेत: पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आणि अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था. उत्पादकाच्या वाहनाची उंची, ब्रेक व दिवे अशा संस्थांच्या चाचण्यांतून गेलेले असतात; गॅरेजमध्ये केलेला बदल गेलेला नसतो. या दोहोंतील फरक हाच कायद्याच्या कठोरपणामागचा आधार आहे.

निवडीची पद्धत

उंचवाढ करावी की नाही आणि करावयाची तर किती, हे ठरवताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. मोजमाप. सपाट जमिनीवर रिकामे वाहन उभे करून, टायरमध्ये योग्य हवा भरून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. नेहमीचा माल भरून पुन्हा मोजावी. डावी-उजवी बाजू असमान असेल तर प्रथम तुटका पाटा, झिजलेले बुश किंवा वाकलेला शॅकल शोधावा.

२. मूळ स्थिती परत आणणे. बसलेले पाटे व निकामी शॉकॲब्सॉर्बर उत्पादकाच्या मापाचे बसवावेत. पुष्कळ वाहनांना हरवलेली उंची एवढ्यानेच परत मिळते. यात कायद्याचा प्रश्न उद्भवत नाही.

३. अडचणीचे नेमके स्थान. घासते ते पोट, पुढचे टोक, मागचे टोक की डिफरन्शियल, हे खुणांवरून ओळखावे. डिफरन्शियल असेल तर स्प्रिंगच्या उंचवाढीने काही साधणार नाही.

४. नेहमीचे ओझे. वाहन बहुतेक वेळ रिकामे असते, थोडे भरलेले असते की पूर्ण भरलेले, त्यावर स्प्रिंगचा कडकपणा ठरतो. पूर्ण भाराच्या स्प्रिंगा रिकाम्या वाहनाला त्रासदायक होतात.

५. कायदेशीर परवानगी. ही पायरी खरेदीच्या आधीची आहे, नंतरची नव्हे.

६. कमीत कमी वाढ. काम २५ मिमीत भागत असेल तर ५० मिमी करू नये. पुढील आणि मागील बाजू मिळून वाढवावी, मूळचा मागचा चढ काही अंशी राखावा आणि स्प्रिंग-शॉक जुळणारेच घ्यावेत.

७. कामानंतरची तपासणी. अलाइनमेंट, दिव्यांचा झोत, भारसंवेदी व्हॉल्व्ह, ब्रेकच्या नळ्या आणि शाफ्टचा कंप तपासावा. काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नव्या जोडणीत पाटे दबून बोल्ट सैल होतात.

प्रचलित गैरसमज

उंचवाढीने वाहन अधिक खोल पाण्यातून जाऊ शकते, असा समज आढळतो. इंजिनाचा हवेचा मार्ग चासीबरोबर वर जातो हे खरे, परंतु धुरा, चाकांची बेअरिंगे आणि डिफरन्शियल त्याच उंचीवर राहतात. उत्पादकाने सांगितलेली पाण्याची मर्यादा त्यामुळे वाढली असे मानता येत नाही. पुरात मुळा-मुठेसारख्या नदीवरील पाण्याखाली गेलेल्या साकवावरून वाहन नेणे उंच वाहनालाही तितकेच धोक्याचे असते. वाहत्या पाण्याचा रेटा वाहनाला बाजूला ढकलतो.

उंच वाहनातून रस्ता अधिक चांगला दिसतो, हा दुसरा समज अर्धाच खरा आहे. दूरचे अधिक दिसते, पण बोनेटच्या लगत उभे असलेले लहान मूल अधिक झाकले जाते. गृहसंस्थेच्या आवारात, शाळेसमोर आणि बाजारात वाहन हलवताना ही उणीव महत्त्वाची ठरते.

कडक स्प्रिंग म्हणजे मजबूत वाहन, हा तिसरा समज. स्प्रिंगने न पचवलेला धक्का नाहीसा होत नाही. तो चासी, वेल्डिंगचे सांधे आणि शेवटी हौद्यातील माल व केबिनमधील माणसे यांच्यापर्यंत पोहोचतो.